चाळिशीनंतरचा कॅमेरा



‘आता या वयात काय शिकायचं?’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! चावडीवर ऐकतो, शाळेच्या ओसरीत ऐकतो, बाजाराच्या दिवशी एस. टी.च्या थांब्यावर ऐकतो. माणूस पंचेचाळिशीला आला, पोरे हाताशी आली, नोकरीत किंवा शेतीत बस्तान बसले, की हे वाक्य त्याच्या तोंडी आपोआप येते. त्यात थोडा थकवा असतो, थोडी लाज असते आणि पुष्कळशी भीती असते. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे आपल्याकडे सांगतातच. हे सांगणे खोटे नाही. पण हातचे कधीच सोडू नये, असा त्याचा अर्थ आहे काय? की ते केव्हा सोडावे आणि सोडताना त्यातले काय बरोबर घ्यावे, हे समजले पाहिजे, एवढाच आहे?

या प्रश्नाचे उत्तर उपदेशापेक्षा हकीकतीतून बरे कळते. म्हणून आज तुम्हाला दोन माणसांची हकीकत सांगतो. दोघांनीही अर्धे आयुष्य दुसऱ्याच कामात घालवले आणि मग फोटोग्राफीचे काम हाती घेतले. आणि त्या उत्तरार्धातल्या कामामुळेच आज त्यांची नावे इतिहासात आहेत.

फोटोग्राफी तेव्हा काय चीज होती, हे आधी पाहिले पाहिजे. आज खिशातल्या फोनने पोरगेसुद्धा फोटो काढते. त्यामुळे त्या काळच्या खटाटोपाची कल्पना येत नाही. शिक्षक मित्रांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. लख्ख उन्हाच्या वेळी खोलीची दारेखिडक्या घट्ट लावून घ्या, आणि एकाच बारीक भोकातून उजेड आत येऊ द्या. समोरच्या भिंतीवर बाहेरचे झाड उलटे उमटेल, रस्त्याने जाणारी माणसे डोके खाली आणि पाय वर अशी चालताना दिसतील. कॅमेरा म्हणजे अशी अंधारी खोलीच. ही गोष्ट शहाण्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. अडचण होती ती भिंतीवरचे चित्र धरून ठेवण्याची. ती १८३९ साली फिटली. त्या साली फ्रान्समध्ये दागेर याची कृती जगापुढे आली. पुढे १८५१ साली इंग्लंडात आर्चर नावाच्या गृहस्थाने काचेवर चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली. ही विद्या आपल्याकडेही लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची एक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी आपली माणसे तिच्यात होती.

पण ही काचेची रीत म्हणजे मोठे संकट होते. काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट द्राव सारखा पसरायचा, अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे, आणि वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांचा. आपल्या उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. काच वाळली की काम बिघडले. म्हणून फोटोग्राफर जाईल तिथे तंबू, बाटल्या, पाण्याचे मडके आणि ओझी वाहणारी माणसे बरोबर न्यावी लागत. हाताची बोटे काळी पडत, कपड्यांवर न निघणारे डाग पडत. असे हे काम शिकायला उतारवयात कोण बसणार?

एक बाई बसली. तिचे नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म १८१५ चा, आणि तोही आपल्या कलकत्त्याचा. तिचे यजमान कलकत्त्यात कायद्याच्या मोठ्या हुद्द्यावर होते. १८४८ साली कुटुंब इंग्लंडला गेले. पोरेबाळे वाढवणे, पाहुणेराऊळे करणे, विद्वान मंडळींची ऊठबस ठेवणे, यात तिची वर्षे गेली. १८६३ च्या डिसेंबरात तिची लेक आणि जावई यांनी तिला एक कॅमेरा भेट दिला. यजमान सिलोनला मळ्यांच्या कामासाठी गेलेले, घर मोकळे मोकळे. आईचा वेळ जाईल, एवढाच त्यामागचा हेतू. बाईंचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस होते.

बाईंनी काय करावे? दगडी कोळसा ठेवण्याची खोली रिकामी केली आणि तिची अंधारखोली केली. काचेच्या भिंतींचे कोंबड्यांचे एक खुराडे होते, त्यातल्या कोंबड्या बाहेर काढल्या आणि तिथे चित्रे घेण्याची जागा केली. गावातल्या एका शेतकऱ्याला तासाचे पैसे ठरवून समोर बसवले. पुष्कळ धडपडीनंतर चित्र उमटले. आणि आनंदाच्या भरात बाईंचा हात काचेवरून फिरला नि चित्र पुसून गेले! पहिल्या चित्राची ही अशी गत झाली. पण महिनाभरात, १८६४ च्या जानेवारीत, एका लहान मुलीचे चित्र मनासारखे साधले. पुढे डार्विन, हर्शेल, टेनिसन अशा थोरांचे जे चेहरे आपण पुस्तकांतून पाहतो, त्यांतले काही या बाईंनी घेतलेले आहेत. तिची चित्रे अस्पष्ट आहेत, तिला कसब येत नाही, अशी टीका जाणत्यांनी केली. बाईंनी ती ऐकली आणि आपले काम चालू ठेवले. १८७५ साली ती सिलोनला गेली, तिथेही मळ्यांवरच्या माणसांची चित्रे तिने घेतली, आणि १८७९ साली तिथेच वारली. साऱ्या कामाला मिळून पंधरा-सोळा वर्षे. आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत तिची चित्रे जपून ठेवलेली आहेत.

आता कुणी म्हणेल, “अहो, ती मोठ्या घरची बाई. घरी नोकरचाकर, दारी पाहुणे. आमचे तसे नाही. महिन्याच्या पगारावर ज्याचा संसार चालतो, त्याने काय करावे?” प्रश्न बरोबर आहे. बाईंच्या घरीही पैशाची ओढ होती आणि चित्रे विकून हातभार लागेल अशी तिची आशा होती, हे खरे. पण पगार सोडण्याची वेळ तिच्यावर आली नाही. ती वेळ ज्याच्यावर आली, त्या माणसाकडे आता वळू. आजच्या भाषणाचा खरा नायक तोच. त्याचे नाव लाला दीनदयाळ.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात ते इंजिनियरी शिकले आणि १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी, आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांवर देखरेख करणाऱ्या इंग्रज एजंटाचे ठाणेही तिथेच. दीनदयाळ यांचे काम नकाशे काढणे आणि इमारतींच्या खर्चाचे अंदाज तयार करणे. भिंत किती लांब, कमान किती उंच, दगड किती ब्रास लागेल, मजुरी किती होईल, याचा हिशेब दिवसभर मांडायचा. काम इमानाचे, पगार वेळेवर, खात्यात मान. अशी नोकरी लागली म्हणजे गावाकडे पेढे वाटतात.

१८७४ च्या सुमारास, वयाच्या तिशीत, या माणसाला कॅमेऱ्याचा नाद लागला. नाद म्हणायचे कारण असे की नोकरी चालूच होती. एजंट सर हेन्री डेली यांनी उत्तेजन दिले, महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी पाठबळ दिले. १८७५-७६ साली इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्या प्रसंगाची चित्रे घेण्याची संधी मिळाली. पण म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. दहा-बारा वर्षे हा गृहस्थ कचेरीतले काम आणि काचेवरचे काम, दोन्ही ओढीत होता.

मधल्या काळात विद्येतही एक सोय झाली. १८८० च्या आगेमागे कोरड्या काचा तयार मिळू लागल्या. त्या आधीपासून बरोबर घेऊन जाता येत, आणि चित्र घेतल्यावर सवडीने धुता येत. तंबूचे ओझे सुटले. नोकरी सांभाळून रानावनात फिरणाऱ्या माणसाला हे फार मोठे वरदान होते. नवे हत्यार केव्हा आले आणि ते आपल्या उपयोगाचे आहे की नाही, हे ओळखणे, यालाही शहाणपण लागते.

१८८२-८३ साली एजंट सर लेपेल ग्रिफिन बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा दीनदयाळ त्यांच्याबरोबर होते. ग्वाल्हेरचा किल्ला, दतिया आणि ओरछा येथले राजवाडे, खजुराहोची देवळे, सांचीचा स्तूप अशा मध्य हिंदुस्थानातल्या जुन्या वास्तूंची चित्रे त्यांनी त्या वर्षांत घेतली. त्यांतली निवडक चित्रे घालून ग्रिफिन यांनी १८८६ साली एक मोठे पुस्तक काढले. १८८५ साली व्हॉइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी दीनदयाळ यांना आपले फोटोग्राफर म्हणून नेमले. याच सुमारास दीनदयाळ यांनी खात्याकडून दोन वर्षांची लांब रजा घेतली. आधी रजा, मग राजीनामा! रजेच्या काळात हिंडले, चित्रे पुरी केली, गिऱ्हाईक किती आहे ते पाहिले, १८८६ साली सिकंदराबादला स्टुडिओ उघडला. आणि मग १८८७ च्या सुमारास सरकारी नोकरीला रामराम ठोकला. वय त्रेचाळीस. पदरी बायकामुले. वीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडले.

घरात त्या दिवशी काय बोलणे झाले असेल, ते कुणी लिहून ठेवलेले नाही. पण आपण गृहस्थ माणसे आहोत; ते आपल्याला न सांगताही समजते.

आता मुद्द्याची गोष्ट. वीस वर्षे नकाशे काढण्यात गेली, ती फुकट गेली काय? मुळीच नाही. दीनदयाळ यांनी घेतलेले एखाद्या राजवाड्याचे चित्र नीट पाहा. भिंती सरळ उभ्या दिसतात. तुम्ही आम्ही देवळाच्या शिखराचा फोटो काढायला जातो तेव्हा कॅमेरा वर उचलतो, आणि चित्रात शिखर मागे कलंडल्यासारखे दिसते. कॅमेरा ओळंब्यात धरावा लागतो, आणि उभे राहण्याची जागा हिशेबाने निवडावी लागते. ज्याने आयुष्यभर इमारतींचे उभे-आडवे छेद कागदावर काढले, त्याला ही जागा कुठे आहे ते शिकवावे लागत नाही. भव्य दरवाजापाशी एखादा माणूस उभा असला की पाहणाऱ्याला उंचीचा अंदाज येतो. अंदाज काढणे हाच तर त्यांचा पूर्वीचा धंदा! आणि कचेरीची ती टापटीप! काचेवर क्रमांक घालायचा, नाव लिहायचे, नोंद ठेवायची. ज्या स्टुडिओत ही शिस्त नव्हती, तिथल्या चित्रांबद्दल आज कोण, कुठला, केव्हाचा, काही सांगता येत नाही. मला तर वाटते की दीनदयाळ यांनी नोकरी सोडली, पण नोकरीतली विद्या एक कवडीभरही सोडली नाही.

कॅमेरॉनबाईंचेही तसेच नव्हे काय? वीस-पंचवीस वर्षे तिने माणसे जोडली, घरी आलेल्याला बोलते केले, मुलांना मांडीवर खेळवले. चेहरा ओळखण्याची विद्या ती संसारातच शिकली होती. कॅमेऱ्याने तिला फक्त ती मांडण्याची जागा दिली.

पुढची हकीकत भरभराटीची आहे. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी दीनदयाळ यांना आपल्या दरबारचे फोटोग्राफर केले आणि १८९४ साली ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. १८९२ साली हैदराबादेत त्यांनी खास पडदानशीन स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला आणि तिथले काम एका इंग्रज बाईवर सोपवले, म्हणजे परपुरुषासमोर न येता घरंदाज बायकांना चित्र काढून घेता येई. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. १८९६ साली मुंबईत स्टुडिओ निघाला. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीकडून शाही फोटोग्राफर म्हणून सनद मिळाली. आपल्या वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला यांची त्यांची चित्रेही प्रसिद्ध आहेत. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

पण श्रोतेहो, एवढ्यावर थांबलो तर ही कथा हत्ती, अंबारी आणि दरबार यांचीच होईल. तिला एक दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या अंगणातली आहे. १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उपासमारीने खंगलेल्या लोकांसाठी गरीबखाना होता. राजा दीनदयाळ आणि पुत्र या पेढीने तिथली चित्रे घेतली. दरबाराने दुष्काळात काय मदत केली ते दाखवण्यासाठी अशी चित्रे काढवली जात. चित्रांत माणसे ओळीने बसवलेली किंवा उभी केलेली आहेत. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी शरीरे, लंगोटीएवढे वस्त्र. ज्या पेढीने नवाबाच्या शिकारीचा थाट टिपला, त्याच पेढीने ही हाडे टिपली. ती पाहताना आपल्याला अवघडल्यासारखे होते. भुकेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवावे काय? त्याला कुणी विचारले होते काय? हे प्रश्न आज आपल्या मनात आलेच पाहिजेत. पण ही चित्रे नसती तर त्या वर्षाची आठवण आकड्यांपुरती उरली असती, हेही तितकेच खरे. ते लोक आपल्याकडे सरळ पाहतात. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ते कदाचित तुमच्यापैकीच कुणाच्या पणजोबांच्या गावचे असतील.

१९०५ साली राजा दीनदयाळ वारले. त्यांच्या एका मुलाचे आदल्याच वर्षी निधन झाले होते. दुसरा मुलगा ग्यानचंद याने पेढी पुढे चालवली. स्टुडिओ पुढे ओसरत गेले, पण घरच्या माणसांनी काचा जपल्या. १९८९ साली त्यांतल्या दोन हजारांहून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. बांधकाम खात्यात अंदाजपत्रके करणारे लाला दीनदयाळ त्याच खात्यातून म्हातारपणी निवृत्त झाले असते, तर यांतले काहीच आपल्या हाती उरले नसते.

मग ‘आता या वयात काय शिकायचं?’ या प्रश्नाला उत्तर काय? माझ्यापुरते उत्तर असे. नव्या कामाला वयाची अडचण असतेच, नाही असे म्हणू नये. डोळे मंदावतात, कंबर धरते, घरच्या जबाबदाऱ्या असतात. पण वयाबरोबर जे शिदोरीला बांधलेले असते ते तरुणाजवळ नसते. शेतकऱ्याला ऊन-सावली कळते, शिक्षकाला मुलांचे चेहरे कळतात, तलाठ्याला गावाची शीव कळते. ती शिदोरी फेकून देऊन नव्याने आरंभ करायचा नसतो. ती बरोबर घेऊनच निघायचे असते. आणि निघण्याची घाईही नको. दीनदयाळ यांनी दहा-बारा वर्षे हौस जोपासली, मग रजा घेतली, मग स्टुडिओ उघडला आणि सर्वांत शेवटी राजीनामा दिला. धाडस म्हणतात ते हेच. आंधळी उडी वेगळी.

जाता जाता एक काम सांगतो, विशेषतः शिक्षक बंधुभगिनींना. प्रत्येक गावात जुने फोटो आहेत. कुणाच्या देवघराशेजारी, कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या पेटीत कागदात गुंडाळलेले. मुलांना ते घरून आणायला सांगा. आजी-आजोबांना विचारून, फोटोत कोण कोण आहे, फोटो कुठे काढला, कोणत्या साली काढला, हे मागच्या बाजूला पेन्सिलीने हलक्या हाताने लिहायला लावा. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूला उतरते. आणि गावात एखादे निवृत्त गुरुजी असतील, की ज्यांना दुपार खायला उठते, त्यांच्यावर हे काम सोपवा. ते म्हणतील, “आता या वयात?” त्यांना इंदूरच्या नकाशे काढणाऱ्या माणसाची गोष्ट सांगा. त्यांनाही नसेल ठाऊक.

औरंगाबादच्या गरीबखान्यातल्या त्या माणसांची नावे आता मिळणार नाहीत. आपल्या घरच्या माणसांची अजून मिळतात. ती सांगणारे हयात आहेत तोवर लिहून घ्या.